रोबोटिक्सची हजेरी वही



गेल्या खेपेला आयंबिल ओळीच्या स्वयंपाकाबद्दल लिहिलं होतं. आज विषय जरा वेगळा आहे. शाळेतल्या रोबोटिक्सच्या टीमबद्दल लिहायचंय, आणि त्या टीमची हजेरी ठेवताना माझ्या हातून काय झालं त्याबद्दल. 'रोबोट आणि आपलं काय नातं?' असं म्हणून लगेच पान बंद करू नका. वही ठेवणं तर आपण सगळ्याच करतो. दुधाची वही, भिशीची वही, शिलाईवालीचा हिशोब, पाठशाळेची हजेरी. माझी चूक वहीतलीच आहे.

आमच्या महिला मंडळाची चातुर्मासातली सामायिकची वही बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. ४८ मिनिटांची एक सामायिक, कोणी किती केल्या, नावापुढे रोजची नोंद, शेवटी बेरीज. माझं अक्षर बरं आहे आणि बेरीज चुकत नाही, म्हणून वही माझ्याकडे आली ती आलीच. आपल्या नगरकडच्या घरांना अशा नोंदींची सवयच असते. मुलं पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाची परीक्षा देतात, तिचे गुण येतात, मग कोणाचा नंबर कितवा हे सगळ्या स्थानकाला माहीत होतं. नंबर काढणं मला कधी वावगं वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी आठवीत होती. इथे सुप्यातल्या तिच्या शाळेत रोबोटिक्सची टीम सुरू झाली. आपलं सुपे म्हणजे पूर्वी नगर–पुणे रस्त्यावरचा एक थांबा. आता एमआयडीसी वाढली, बाहेरून माणसं आली, आणि पोरांना 'मशीन' हा शब्द घरातल्यासारखा झाला. शाळेला लेगोचा एक संच मिळाला होता. विज्ञानाच्या सरांनी ठरवलं की 'फर्स्ट लेगो लीग' नावाच्या स्पर्धेत उतरायचं.

ही स्पर्धा काय असते ते थोडक्यात सांगते, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. अमेरिकेत डीन केमन नावाच्या संशोधकाने १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली, मुलांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून. तिने लेगो कंपनीबरोबर सुरू केलेली ही लहान मुलांची स्पर्धा. एका टेबलावर साधारण आठ फूट बाय चार फुटांची छापलेली मॅट असते. तिच्यावर छोटी छोटी कामं मांडलेली असतात : हे ढकल, ते उचल, अमुक जागी नेऊन ठेव. मुलांनी बनवलेल्या रोबोटने ती अडीच मिनिटांत करायची, रिमोटशिवाय. म्हणजे किती पुढे जायचं, कुठे वळायचं हे सगळं आधीच लिहून ठेवावं लागतं. शिवाय मुलं परीक्षकांसमोर बसून आपण काय केलं ते स्वतः सांगतात. एका संघात जास्तीत जास्त १० मुलं.

आमच्याकडे नावं दिली होती १३ मुलांनी.

सरांनी पालकांच्या बैठकीत विचारलं, "हजेरी कोणी ठेवेल का? मी रोबोट बघू का वही बघू?" दोन-तीन बायकांनी एकदम माझ्याकडे बोट केलं. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

पहिल्या पंधरवड्यातच एक गोष्ट लक्षात आली. काही मुलं यायची, 'हजर' म्हणायची आणि दहा मिनिटांत मैदानावर क्रिकेटला पळायची. वहीत मात्र हजेरी पूर्ण. हे काही खरं नाही असं मला वाटलं. मग मी इंटरनेटवर शोधलं की मोठे संघ काय करतात. याच संस्थेची मोठ्या मुलांची एक स्पर्धा आहे, तिच्यात ५०–५५ किलोचे रोबोट असतात. आपल्या मुंबईचा 'द आर फॅक्टर' हा ६०२४ क्रमांकाचा संघही तिच्यात उतरतो. २०१९ पर्यंत त्या स्पर्धेत रोबोट बांधायला फक्त सहा आठवडे मिळायचे, त्यामुळे कोण किती वेळ देतंय हा तिथे मोठा प्रश्न. अमेरिकेतले कितीतरी संघ येण्या-जाण्याची वेळ लिहून तास मोजतात आणि ठरावीक तास भरले नाहीत तर स्पर्धेच्या गावी नेत नाहीत.

मला ते पटलं. मी वहीत दोन रकाने वाढवले. आल्याची वेळ, गेल्याची वेळ. पुढे तासांची बेरीज. आणि सरांना सुचवलं, "१३ मधून १० निवडायचे आहेत ना, तर तासांवर निवडा. म्हणजे कोणी पक्षपात म्हणणार नाही." सरांनाही ते सोयीचं वाटलं. एक मोकळा रकाना उरला होता, त्यात मी कामाचं नाव लिहायचे : बांधणी, प्रोग्रामिंग, चार्ट. चांगलं काम दिसलं की लाल पेनाने चांदणी.

सराव सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी साडेचार ते साडेसहा, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तीन तास. बारा आठवडे. म्हणजे एकूण १०८ तास. माझ्या मुलीचे १०१ भरले. तिचं नाव सगळ्यांत वर होतं. प्रोग्रामिंगच्या रकान्यात तिच्या नावापुढे चांदण्याच चांदण्या. बेरीज करताना मी दोनदा तपासली, आणि दोन्ही वेळा आनंद झाला.

दहाव्या नंबरच्या मुलाचे ५८ तास होते. त्याच्याखाली तिघं राहिली. त्यातली सगळ्यांत शेवटची एक मुलगी, माझ्या मुलीच्याच वर्गातली. तिचे तास भरले होते २२ आणि ४० मिनिटं. ती आत एका वस्तीवरून एसटीने यायची. रोज पाच-दहाला दप्तर उचलायची आणि निघायची. शनिवारी तर थांबायचीच नाही. मी मनात म्हटलं होतं, हिला फारशी आवड दिसत नाही. आईने नाव घालायला लावलं असेल.

यादी लागली. कोणी काही बोललं नाही. आकडे समोर होते, बोलणार काय?

डिसेंबरात पुण्याला स्पर्धा झाली. दहा मुलं, सर, आणि पालक म्हणून मी, अशी क्रूझर करून गेलो. बक्षीस मिळालं नाही. पण पहिल्यांदाच गेलो होतो, मुलं खुश होती. येताना सूर्यास्ताआधी खाऊन घ्यायचं म्हणून रांजणगावच्या अलीकडे गाडी थांबवून आम्ही मायलेकींनी डबा उघडला. दशमी आणि सुकी मटकी. खाता खाता मी सहज विचारलं, "आत परीक्षकांनी काय काय विचारलं गं?"

ती म्हणाली, "रोबोट किती अंतर जाणार हे कसं ठरवलं ते विचारलं. मी सांगितलं, आमच्या एका मैत्रिणीने घरच्या अंगणात सगळी मॅट आखली आणि दोऱ्याने मोजलं."

"कोणत्या मैत्रिणीने?"

तिने नाव सांगितलं. शेवटच्या नंबरचं.

"मग ते म्हणाले, तुमच्यातली ती कोण? मी म्हटलं, ती आज आली नाही. का आली नाही, विचारलं. मी म्हटलं, तिचे तास कमी भरले."

मैत्रिणींनो, दशमीचा घास तोंडातच राहिला.

घरी येईपर्यंत तिने सगळं सांगितलं. सुरुवातीला ही मुलं रोबोट सोडून बघायची. कमी गेला की आकडा वाढव, जास्त गेला की कमी कर, परत आण, परत सोड. तासन्‌तास तेच. त्या मुलीला तेवढा वेळच नव्हता. तिने चाकाला दोरा गुंडाळून मोजला. चाक ५.६ सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्यात साधारण १७.६ सेंटीमीटर. ७० सेंटीमीटर जायचं तर चार फेरे. घरी जाऊन सारवलेल्या अंगणात खडूने मॅट आखली, एकेक काम कुठे आहे तिथे दगड ठेवले, आणि प्रत्येक वाटेचं अंतर, वळणं, फेरे असा तक्ता एका वहीत केला. दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटांत तो समजावून द्यायची आणि एसटी धरायची. माझी मुलगी मग दीड तास बसून ते लॅपटॉपमध्ये भरायची. मी दारातून बघायचे. लॅपटॉपसमोर कोण? माझी मुलगी. रकाना : प्रोग्रामिंग. चांदणी.

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस, मम्मी. तुझ्या वहीत कुठे होतं तसं काही लिहायला?"

हे उद्धट नव्हतं. खरंच विचारत होती ती.

त्या रात्री वही काढून बसले. आता जे दिसलं ते आधीही तिथेच होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मिळून सराव ३६ दिवस झाला होता. त्यातले ३४ दिवस ती मुलगी आलेली होती. दिवस मोजले असते तर ती वरच्या तीन-चार जणांत आली असती. मी तास मोजले. एसटीच्या वेळेने तिला रोज ४० मिनिटंच दिली होती, आणि ३४ दिवस तिने ती ४०च्या ४० मिनिटं दिली होती. क्रिकेटला पळणाऱ्या मुलांसाठी मी सापळा लावला आणि त्यात सापडली ती.

सासूबाई अजून जाग्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकून घेतात, लगेच बोलत नाहीत. मग त्यांनी मला पुणिया श्रावकाची आठवण करून दिली. राजा श्रेणिक त्याच्या एका सामायिकचं फळ विकत घ्यायला गेला आणि अख्खं राज्य देऊनही किंमत पुरी होईना, ती गोष्ट आपण सगळ्या जणी व्याख्यानात ऐकतो. सासूबाईंनी दुसरी सांगितली. एके दिवशी पुणियाचं मन सामायिकमध्ये लागेना. त्याने बायकोला विचारलं, आज घरात काही परकं आलंय का? तिने आठवून सांगितलं, चुलीसाठी येताना एक गोवरी उचलली होती, आपली नव्हती ती. बस, तेवढंच. न दिलेली एक गोवरी.

"तू चोरी केली नाहीस," सासूबाई म्हणाल्या, "पण पोरीची गोवरी आपल्या चुलीत आली बघ."

अदत्तादान म्हणजे न दिलेलं घेणं, हे आपण पाठ करतो. मला वाटायचं, ते पैशाचं, वस्तूचं. एका मुलीची मेहनत दुसरीच्या नावापुढे चांदणी म्हणून लिहिली जाणं हेही तेच, हे मला त्या रात्री कळलं. आणि दुसरी म्हणजे माझीच मुलगी.

पुढच्या रविवारी मी आणि हे स्कूटरवर त्या वस्तीवर गेलो. कांद्याच्या लागणीचे दिवस. तिची आई दुसऱ्याच्या वावरात लागणीला गेली होती, दुपारी जेवायच्या सुट्टीत आली. शनिवारी मुलगी का थांबत नव्हती ते तिथे समजलं. आई मजुरीवर, आणि दोन वर्षांचा भाऊ सांभाळायला घरी दुसरं कोणी नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत त्या मुलीला एसटीचा पास मोफत आहे, पण पास असला म्हणून गाडी कोणासाठी थांबत नाही. ती गाडी गेली की पुढे अंधारात पायी.

अंगणात खडूच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या. एका कोपऱ्यात दगड होते, भाऊ त्यांच्याशी खेळत होता.

मी त्या मुलीला म्हटलं, "बाळा, माझं चुकलं. तुझं नाव यादीत हवं होतं."

ती म्हणाली, "नाही काकू, माझे तास खरंच कमी होते. तुम्ही काही खोटं लिहिलं नाही."

यावर मी काय बोलणार? ती बरोबर होती. माझ्या वहीत एकही आकडा खोटा नव्हता. तिने भांडण केलं असतं, रडली असती, तर मला सोपं गेलं असतं. तिने तर माझी वही मान्य केली होती. आपली आवड कमी पडली असंच ती धरून बसली होती. स्पर्धा हुकली त्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

मी तिच्या आईसमोर तिचा तक्ता, ते ३४ दिवस, परीक्षकांचा प्रश्न, सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मला वाटलं पोरगी अंगणात नुसतीच रेघोट्या मारती. दोनदा ओरडले मी तिला." मग तिने चहा केला, आणि निघताना कांद्याच्या पातीची जुडी हातात द्यायला आणली, आणि एकदम आठवून हसली, "तुम्हाला चालत नाही ना!" त्याऐवजी चार लिंबं दिली.

शाळेत जाऊन सरांनाही सांगितलं. सर भले आहेत, त्यांना वाईट वाटलं. पण स्पर्धा होऊन गेली होती. ते काही परत येत नाही. ते मी इथे गोड करून लिहिणार नाही.

पुढच्या जूनमध्ये सरांनी पुन्हा वही माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, ठेवते, पण वेगळी ठेवते.

तुमच्यापैकी कोणाकडे असं काम येईल म्हणून आता नीट सांगते.

पहिलं, हजेरी आम्ही अजूनही घेतो. ती सोडून चालत नाही. पण ती बघून निकाल लावायचा नाही, चौकशी करायची. कोणी लागोपाठ तीन वेळा आलं नाही किंवा रोज लवकर जातंय, तर घरी फोन करायचा किंवा जाऊन यायचं. बहुतेक वेळा कारण शाळेबाहेरचं असतं. गाडी, धाकटं भावंडं, आजारी आजी, शिफ्टला जाणारे आईवडील.

दुसरं, वेळ मोजायचीच तर त्या मुलाला जेवढी मिळू शकते तिच्यातली किती दिली ते बघायचं. सरांनी सरावाची वेळही बदलली. आता आठवड्यातून दोन दिवस मधल्या सुट्टीत अर्धा तास सगळ्यांचा एकत्र सराव असतो, एसटीची मुलंही त्यात पूर्ण असतात. तक्ते, आखणी, चार्ट अशी कामं घरी न्यायची मुभा आहे, आणि घरचं काम वहीत धरलं जातं.

तिसरं आणि मुख्य, वही आता मी लिहीत नाही. मुलं लिहितात. रोज तीनच ओळी. आज मी काय केलं. आज मी कोणाकडून काय शिकलो. काय अर्धवट राहिलं. आपण प्रतिक्रमणात दुसऱ्याचे दोष सांगत नाही, आपले आपण आठवतो, तसंच काहीसं. मी फक्त शुक्रवारी वाचते.

लगेच सगळं छान झालं असं नाही हं. एक मुलगा सलग नऊ दिवस एकच ओळ लिहीत होता, 'आज खूप काम केले.' काही मुलं आपल्या मित्राचंच नाव रोज टाकायची. मग सरांनी उपाय काढला. ज्याने 'हे केलं' लिहिलं त्याने दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांसमोर दोन मिनिटांत करून दाखवायचं. आणि महिन्यातून एक दिवस कामांची अदलाबदल. बांधणीवाला लॅपटॉपवर, लॅपटॉपवाली बांधणीला. 'खूप काम केले'वाला मुलगा त्या दिवशी फार गोंधळला, पण त्यानंतर त्याच्या ओळी बदलल्या.

दुसऱ्या ओळीने मात्र मला थक्क केलं. 'कोणाकडून शिकलो' यात एका मुलाचं नाव सारखं यायला लागलं. हा मुलगा इतका शांत की मला त्याचा आवाजही आठवत नव्हता. तो रोज बॅटऱ्या चार्जिंगला लावायचा, सुटे भाग रंगाप्रमाणे डब्यात ठेवायचा आणि कोणाचं चाक घट्ट बसत असेल तर ते सोडवून दाखवायचा. माझ्या जुन्या वहीत त्याच्या कामाला रकानाच नव्हता.

आणि वस्तीवरची मुलगी? ती त्या जूनमध्ये आली नाही. मी दोनदा निरोप पाठवला. जुलैमध्ये एकदा मधल्या सुट्टीत दारात येऊन उभी राहिली, "काकू, बघायला आलेय फक्त." पुढच्या आठवड्यात वहीत तिच्या अक्षरात पहिली ओळ दिसली. त्या वर्षी ती संघातून पुण्याला गेली. तेव्हाही बक्षीस नाही. रोबोट एका वळणावर अडकला तो अडकलाच. परीक्षकांच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिने मला सांगितलं, "काकू, फेऱ्यांचं मीच सांगितलं." एवढंच. आता ती दहावीत आहे, अभ्यासामुळे टीम सोडली आहे. तिचा तक्ता नवीन मुलं वापरतात आणि वहीत 'कोणाकडून शिकलो' मध्ये तिचं नाव अजून येतं.

मुलांना मी एकदा अफगाणिस्तानातल्या हेरात शहराच्या मुलींची गोष्ट सांगितली होती. २०१७ मध्ये वॉशिंग्टनला दीडशेहून जास्त देशांच्या मुलांची रोबोटिक्स स्पर्धा होती, आपल्या देशाकडून मुंबईची मुलं गेली होती. या मुलींचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. जगभर बोलबाला झाला तेव्हा शेवटच्या क्षणी परवानगी मिळाली, आणि धाडसाबद्दलचं रौप्यपदक घेऊन त्या परतल्या. आमच्या मुलांपैकी एकाने विचारलं, "काकू, व्हिसा मिळालाच नसता तर त्या गैरहजर धरल्या असत्या का?" मी म्हटलं, माझ्या जुन्या वहीत हो.

हे सगळं तुमच्यासमोर मांडायचं कारण, ही वही आता पुष्कळ गावांत उघडणार आहे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून सुरू झाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी ५० हजार लॅब सरकारी शाळांत पाच वर्षांत काढायचं जाहीर झालं. संच येतील, लॅपटॉप येतील. मग कोणीतरी सर किंवा मॅडम पालकांच्या बैठकीत विचारतील, हजेरी कोण ठेवेल? आणि बायका तुमच्याकडे बोट करतील, कारण तुमचं अक्षर बरं आहे. तेव्हा हो म्हणा. फक्त, कोण किती वेळ बसलं हे लिहून झालं की मुलांना एवढं विचारा : हे कोणाचं काम आहे?

मंडळाच्या वहीतही मी एक बदल केला. सामायिकची बेरीज अजून करते, पण शेवटच्या दिवशी पहिला नंबर, दुसरा नंबर असं वाचून दाखवणं बंद केलं. दोन बायका नाराज झाल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी प्रभावनेचा लाडू त्यांनी माझ्या हातावर एक जास्तीचा ठेवला.

तुमच्या वहीत असं कोणी राहून गेलं असेल तर मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.